‘पैसे वसूल’ म्हणजे नेमकं काय?

संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून कांटवर व्याख्यान हवं होतं. मी म्हटलं, कांटवर मी एकतीस वर्षं बोललोय, आणि त्यातली बरीच वर्षं मागच्या बाकावरच्या मुलांना डुलक्या घेताना पाहिलंय. (हशा) आता मला सिनेमावर बोलू द्या. ते जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे सर, जागतिक सिनेमा?" म्हटलं, नाही हो. ‘शोले’, ‘अमर अकबर अँथनी’, ‘अशी ही बनवाबनवी’, ‘दृश्यम’, ‘सैराट’. आपण सगळ्यांनी पाहिलेले. पत्रिकेवर मात्र त्यांनी ‘लोकप्रिय चित्रपट : एक तात्त्विक चिंतन’ असं छापलं. त्यातलं ‘तात्त्विक चिंतन’ तुम्ही मनातल्या मनात खोडून टाका. (हशा)

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी सिनेमाचा अभ्यासक नाही. कॅमेरा कुठं ठेवला होता, भिंग कोणतं होतं, यातलं मला काही समजत नाही. मी सौंदर्यशास्त्र शिकवलं. माझा प्रबंध कांटच्या सौंदर्यविधानावर आहे, आणि तो माझ्या मार्गदर्शकांशिवाय कुणी वाचल्याचं माझ्या कानावर नाही. आजचा माझा प्रश्न साधा आहे. थिएटरातून बाहेर पडणारा माणूस जे बोलतो, त्याचं आपण काय करायचं? ‘पैसे वसूल’, ‘टाइमपास आहे’, ‘डोक्यावरून गेला’, ‘सेकंड हाफ पडला’. ही मतं आहेत, की नुसते उद्गार? उन्हातून आल्यावर आपण ‘हुश्श’ म्हणतो, तसे? मत असेल तर ते बरोबर किंवा चूक असू शकतं. ‘हुश्श’ चूक असू शकत नाही.

या प्रश्नाला माझ्या आयुष्यात एक चेहरा आहे आणि तो आज इथं तिसऱ्या रांगेत बसलाय. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. सिनेमाचे शौकीन. त्यांना काही वर्ज्य नाही. मारधाडीचा, रडवणारा, भुताचा, विनोदी, देवाचा, सगळा चालतो. त्यांच्याविषयी बोलायची परवानगी घेतली आहे. "बोला, पण लांबवू नका" या अटीवर मिळाली. (हशा)

गोष्ट १९७७ सालची. मी नुकताच प्राध्यापक झालो होतो, म्हणजे मला सगळं कळत होतं. ‘अमर अकबर अँथनी’ आम्ही साताऱ्याला एकत्र पाहिला. घरी जेवायला बसलो आणि मी सुरू झालो. तुम्हाला तो प्रसंग आठवत असेल. श्रेयनामावली चालू आहे. रुग्णालयात तिघे भाऊ ओळीनं तीन खाटांवर झोपलेत. तिघांचं रक्त नळ्यांतून वर चढतं, एका बाटलीत जमतं आणि तिथून खाली समोरच्या आईच्या हातात उतरतं. ती आपली आई आहे हे त्यांना माहीत नाही. ही आपली मुलं आहेत हे तिलाही माहीत नाही. मी म्हटलं, दाजी, पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण नावाची एक गोष्ट आहे. रक्त वर कसं चढलं? गोठलं कसं नाही? असं कुठं असतं का? दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "दादा, तुम्ही नळीकडं बघत व्हता. मी आईकडं बघत व्हतो."

आज मला वाटतं, त्या सिनेमावरचं इतकं नेमकं वाक्य मी पुढं कुठं वाचलं नाही. त्या दिवशी मात्र मी हसलो आणि म्हणालो, "दाजी, तुम्हाला त्यातलं काय कळतं!" बहीण म्हणाली, "जाऊ दे रे, आपापली आवड." विषय मिटला. आणि पुढची अकरा वर्षं दाजी माझ्याशी सिनेमावर एक शब्द बोलले नाहीत. बाकी सगळं बोलायचे. पाऊसपाणी, पोरांच्या शाळा, सगळं. सिनेमाचं नाव निघालं की, "तुम्हाला जास्त कळतं." यात टोमणा होता की नम्रता होती, हे मला कधी समजलं नाही. बहुधा दोन्ही.

आता इथं दोन चुका झाल्या. माझी चूक उघड आहे. पण बहिणीची चूक जास्त खोल आहे, आणि ती आपण सगळे रोज करतो. ‘आपापली आवड’ हे वाक्य ऐकायला फार समंजस वाटतं. त्यानं भांडण मिटतं. पण भांडणाबरोबर आणखी काय मिटतं, ते बघा.

कांटनं १७९० साली एक फरक सांगितला. एखाद्याला कॅनरी बेटांची वाइन आवडते. तो ‘ही रुचकर आहे’ म्हणाला आणि कुणी त्याला सुधारलं, ‘असं म्हण की मला रुचकर लागते’, तर तो आनंदानं कबूल करतो. आपल्याकडं बघा, कुणाला मिसळ तिखट हवी, कुणाला गोडसर. तिथं वाद घालण्यात अर्थ नाही. पण ‘ही गोष्ट सुंदर आहे’ म्हणताना आपण वेगळं काही करतो. आपण दुसऱ्याच्या संमतीवर हक्क सांगतो. पुरावा देता येत नाही, नियम दाखवता येत नाही, तरी आपल्याला वाटतं की समोरच्यालाही हे दिसायला हवं. म्हणून तर आपण त्याचा हात धरून म्हणतो, ‘अरे, तू परत बघ!’ मिसळीबद्दल असं कुणी म्हणत नाही. (हशा) आमच्याकडं रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त या सगळ्याची फार बारकाईनं छाननी केली आहे. विद्यार्थ्यांनी ती जरूर वाचावी, घाई न करता.

म्हणजे दाजी जेव्हा ‘मी आईकडं बघत व्हतो’ म्हणाले, तेव्हा ते आपली आवड सांगत नव्हते. कुठं बघायचं ते मला सांगत होते. तो दावा होता. मी तो हसण्यावारी नेला आणि बहिणीनं तो मिसळीच्या खात्यात टाकला. दोघांनीही उत्तर दिलं नाही.

उत्तर काय असतं, ते मला पुढं डेपोत कळलं. दाजींकडं एकदा गेलो होतो. एक ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "गाडी बरोबर नाही." आता ड्रायव्हरला इंजिनाचं शास्त्र माहीत नसतं. पण गाडी तो चालवतो, त्याच्या पायाला आणि कानाला काहीतरी जाणवलेलं असतं. दाजी त्याला ‘तुला काय कळतं’ म्हणाले नाहीत. ‘ज्याची त्याची गाडी’ असंही म्हणाले नाहीत. (हशा) त्यांनी विचारलं, "आवाज कुठनं येतो? चढाला येतो का ब्रेक दाबल्यावर? गरम झाल्यावर येतो का सुरुवातीलाच?" पाच-सहा प्रश्नांत ड्रायव्हरलाच कळलं की आपल्याला नेमकं काय खटकत होतं. मित्रहो, समीक्षा याहून फार वेगळी असते असं मला आता वाटत नाही.

ह्यूमनं १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर निबंध लिहिला, त्यात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट येते. दोन माणसांना एका पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी एक किल्ली सापडते, चामड्याच्या वादीला बांधलेली. साध्या प्रेक्षकाचं मत बहुतेक वेळा असं असतं. ‘काहीतरी लोखंडासारखं लागतंय’ इतकंच तो सांगू शकतो. किल्ली शोधणं हे आमचं, म्हणजे ज्यांना त्यासाठी पगार मिळतो त्यांचं काम. आम्ही हसत बसतो.

मग त्या रक्ताच्या बाटलीतली किल्ली कोणती? अभिनवगुप्तांनी रसास्वादातली सात विघ्नं सांगितली. त्यातलं पहिलं विघ्न म्हणजे संभावनाविरह. जे समोर चाललंय ते शक्यच वाटत नसेल तर मन तिथं बसत नाही. माझं तेच झालं होतं, मी नळीत अडकलो होतो. पण त्यांनी उपायही सांगितला आहे. अलौकिक पराक्रम दाखवायचा असेल तर रामासारखं पात्र घ्या, ज्याच्याविषयी प्रेक्षकाच्या मनात विश्वास आधीच मुरलेला आहे. आता मनमोहन देसाईंनी काय केलं बघा. मुलं ताटातूट होतात ती १५ ऑगस्टला, गांधींच्या पुतळ्यापाशी. एक हिंदू घरात वाढतो, एक मुसलमान, एक ख्रिस्ती. आणि आईचं नाव आहे भारती. इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला वाचता आलं नाही! ‘रक्ताचं नातं’ हा आपल्या बोलण्यातला शब्द त्यांनी अक्षरशः पडद्यावर टांगला. आणि तेही श्रेयनामावलीत, म्हणजे खेळ सुरू होतानाच सांगून टाकलं की बाबांनो, इथले कायदे असे आहेत. पटत असेल तर बसा.

इथं मला ‘पैसे वसूल’चा अर्थ लागतो. प्रत्येक जातीचा सिनेमा तिकीट घेताना तुम्हाला एक शब्द देतो. विनोदी सिनेमा म्हणतो, कितीही गुंता झाला तरी शेवटी सगळं सुटेल, तुम्ही निर्धास्त हसा. भुताचा म्हणतो, तुम्हाला घाबरवीन. रहस्याचा म्हणतो, शेवटपर्यंत तुमच्या पुढं एक पाऊल राहीन. साधा प्रेक्षक दिलेला शब्द पाळला का एवढंच तपासतो. पाळला, तर वसूल. हा निकष हलका नाही. आपण माणसांनाही यानंच तोलतो.

अकरा वर्षांनी, १९८८ साली, ‘अशी ही बनवाबनवी’ आला. बहिणीच्या आग्रहानं आम्ही सगळे गेलो. दाजी माझ्या शेजारी. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ची. पण सचिन पिळगांवकरांनी ती अशी मराठी केली की मूळ कुणाला आठवू नये. पुण्यात राहायला जागा नाही, घरमालकीण जोडप्यांनाच खोली देणार, म्हणून दोघांनी लुगडी नेसायची. अशोक सराफ यांचा धनंजय माने सुधीर जोशींच्या सरपोतदारांकडून औषधाचे सत्तर रुपये काढतो, त्या प्रसंगाला अंधारात आम्ही दोघं एकाच क्षणी हसलो आणि एकमेकांकडं बघितलं. बाहेर चहा पिताना दाजी अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलले, "एक बी सीन रिकामा न्हाई." मी या वेळी शहाणपणा केला. विचारलं, "कुठं सगळ्यात जास्त हसलात?" ते सांगत गेले आणि मला मर्ढेकर आठवत गेले. लयीची तत्त्वं त्यांनी तीन सांगितली : संवाद, विरोध, समतोल. लुगड्यातल्या लक्ष्मीकांत बेर्डेंची चाल पुरुषाची, आवाज बाईचा आणि डोळ्यांत पकडले जाण्याची भीती. एका देहात इतका विरोध कोंबलेला, आणि तरी तोल जात नाही. मला एक खटकलंही. उत्तरार्धात चौघांची चार प्रेमं जुळवताना गाणी येतात, तेव्हा घर मिळण्याची निकड विसरली जाते, गाडी न्यूट्रलमध्ये चालते. दाजी म्हणाले, "तवा मी बाहेर जाऊन आलो." (हशा) म्हणजे समीक्षा त्यांनी पायांनी केली होती.

त्यानंतर आमचं जुळलं. ‘शोले’वर आम्ही किती बोललो असू! मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून जास्त चालला, गब्बरचे संवाद लोकांना पाठ झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. ठाकूरची शाल आठवते? सिनेमाचा मोठा भाग आपण ती शाल बघतो आणि कुणीही विचारत नाही की हा माणूस एवढ्या उन्हात शाल का पांघरतो. होळीच्या दिवशी बंदूक पायाशी पडलेली असताना तो ती उचलत नाही, तेव्हा त्याचा आपल्याला रागही येतो. सलीम-जावेद यांनी उत्तर आपल्या डोळ्यांसमोर टांगून ठेवलं होतं. मी हे दाजींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "ते बरोबरच हाय. पण मी तिसऱ्यांदा गेलो ते दिव्यांसाठी." वरच्या सज्जात विधवा राधा एकेक दिवा मालवत जाते आणि खाली जय बाजा वाजवत बसलेला असतो. बोलणं काही नाही. एवढ्या गोळीबाराच्या सिनेमात एका मेकॅनिकला तीनदा तिकीट काढायला लावलं ते या शांत प्रसंगानं. ‘लोकांना फक्त मारधाड हवी असते’ असं ठामपणे सांगणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो.

भयपटांवर फार बोलत नाही, मला भीती वाटते. (हशा) ‘झपाटलेला’तला तात्या विंचू आमच्या घरातल्या मुलांनी उशीखाली डोकं घालून पाहिला. रामदास पाध्यांच्या बाहुल्याचं ते यश. ‘तुंबाड’ मात्र मला फार मोठा वाटतो, कारण तिथं भीती राक्षसाची नाही. बाप मुलाला लोभाचं शिक्षण देतो आणि मुलगा बापाच्या पुढं जातो, त्याची ती भीती आहे.

आता ज्या सिनेमावर आमचं खरं वाजलं, तो ‘दृश्यम’. मूळ मल्याळम, २०१३ सालचा, जीतू जोसेफ यांचा. हिंदीत तो २०१५ साली निशिकांत कामत यांनी केला आणि गोष्ट गोव्यात आणली. आजच्या विषयाच्या दृष्टीनं तो तर आमचा आदिग्रंथच! नायक विजय साळगावकर चौथी नापास, केबलचा धंदा, आणि रात्र रात्र ऑफिसात बसून सिनेमे बघणारा. म्हणजे आमचे दाजीच. घरावर संकट येतं तेव्हा पोलीस, वकील, पुरावा, उलटतपासणी हे सगळं त्याला सिनेमांतून माहीत असतं. साध्या प्रेक्षकाला सिनेमातून काय मिळतं, या प्रश्नाचं इतकं खणखणीत उत्तर दुसऱ्या सिनेमानं दिलेलं नाही. दाजी खुर्चीत ताठ बसून बघत होते. बाहेर आले ते छाती काढून. "शंभर टक्के वसूल!"

मी म्हटलं, कबूल. शब्द पाळलाय, यंत्र निर्दोष आहे. पण एक सांगा, एका माणसाचा मृत्यू झालाय, तो लपवला जातोय, आणि अख्खं थिएटर ‘सापडू नये’ म्हणून देवाला हात जोडतंय. हे आपल्याकडून कसं करवून घेतलं? मेलेला मुलगा बड्या पोलीस अधिकाऱ्याचा, माजलेला, मुलीचा व्हिडिओ काढून धमकावणारा. आपली सदसद्विवेकबुद्धी कुरकुरू नये अशी सगळी सोय आधीच केलेली आहे. तोच मुलगा एखाद्या गरीब बाईचा असता तर? दाजी म्हणाले, "दादा, गाडी चालायची म्हणजे ऑइल लागतंच." मी म्हटलं, लागतं. पण किती घातलंय ते मेकॅनिकनं बघायला नको? ते गप्प झाले. मग मी विचारलं, शेवटी त्या मुलाचे आईवडील विजयला भेटायला येतात, तो प्रसंग आठवतो? त्यांना आठवेना! एवढी स्मरणशक्ती असलेल्या माणसाच्या डोक्यातून तेवढाच प्रसंग निसटला होता. तिथं तब्बू अधिकारी नसते. ‘माझ्या मुलाचं काय झालं ते सांग’ म्हणून आलेली आई असते. मला त्या क्षणी १९७७ ची भाकरी आठवली. मी म्हटलं, "दाजी, या वेळी तुम्ही नळीकडं बघत होता." (टाळ्या)

पंधरा दिवसांनी ते परत आले. सिनेमा पुन्हा पाहिला होता. म्हणाले, "बाई वाईट दिसत हुती." एवढंच. ‘आपापली आवड’ म्हणून मी सोडून दिलं असतं तर ती आई त्यांना दिसली नसती. आणि १९७७ साली त्यांनी मला सांगितलं नसतं तर मला ती दुसरी आई दिसली नसती. मतभेदाचा उपयोग हा असा असतो. दुसऱ्याचे डोळे थोडा वेळ वापरायला मिळतात.

शेवटचा सिनेमा ‘सैराट’, २०१६. यात शब्द देणं आणि मोडणं हीच खरी गोष्ट आहे. पूर्वार्ध म्हणजे आर्ची-परशाची प्रेमकथा. ‘झिंगाट’ला लोक थिएटरात उठून नाचले. भरतानं नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी दोन प्रकारची सांगितली आहे. एक मानुषी. प्रेक्षक हसतात, ओरडतात, जागेवरून उठतात, अंगावरची वस्त्रं आणि अंगठ्या उधळतात. आपल्याकडं शिट्ट्या मारून पडद्यावर सुटे पैसे फेकायचे, तीच ही. भरतमुनींनी तिची निंदा केलेली नाही, नीट यादी केली आहे. दुसरी दैवी. नाट्यगृह भरलेलं आहे, आणि आवाज नाही, चुळबूळ नाही, काही नाही. मी ‘सैराट’ पाहिला तेव्हा एकाच खेळात दोन्ही सिद्ध्या पाहिल्या. पूर्वार्धात नाचणारं तेच थिएटर, आणि शेवटी ते लहान मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर जातं तेव्हा पडद्यावर आवाज नाही आणि खुर्च्यांतूनही नाही.

दाजी बाहेर येऊन बराच वेळ बोलले नाहीत. मग दोन तक्रारी केल्या. पहिली, हैदराबादचा भाग ओढत नाही. दुसरी, शेवट फसवणूक आहे, प्रेमाचा सिनेमा सांगून हे काय दाखवलं? तक्रारी खऱ्या होत्या, म्हणून मी दोन्हींना उत्तर दिलं. म्हटलं, दाजी, गाडी दोन कारणांनी हळू होते. इंजिन दमलं म्हणून, किंवा चढ लागला म्हणून. हैदराबाद हा चढ आहे. पाटलाची लेक झोपडपट्टीत येते, रडते, भांडते, संशय घेतला जातो, तेलुगू शिकते. प्रेम कमावायला किती वेळ लागतो ते त्याच गतीत दाखवावं लागतं. नाहीतर शेवटी काय गमावलं ते कळणारच नाही. दाजी म्हणाले, "मग चढ हाय, ते पाटीवर लिवायचं की!"

मी म्हटलं, लिहिलं होतं. वर्गात पाटलाचा मुलगा नव्या सरांच्या मुस्काटात मारतो, आठवतं? ती पाटी होती. हे गाव कसं आहे, इथं कुणाचा हात कुणावर उठू शकतो, ते तिथंच सांगितलं. आपण पुढच्या गाण्याची वाट बघत होतो. मीही वाचली नाही ती पाटी, मास्तर असून. नागराज मंजुळे यांनी शब्द मोडला नाही. आपण अर्धाच ऐकला होता. आणि असे शब्द आपण सिनेमातच अर्धे ऐकतो असं नाही. अशा बातम्या वर्तमानपत्रात येत होत्या, येतात. तीही आपण उलटून पुढचं पान काढतो.

दाजी उठले, चप्पल घातली आणि दारात उभं राहून म्हणाले, "चांगला हाय. पण परत बघणार न्हाई." मित्रहो, मी जागच्या जागी बसून राहिलो. ‘मला सुख झालं’ आणि ‘हे चांगलं आहे’ या दोन विधानांतला फरक विद्यार्थ्यांना पटवायला मला दर वर्षी दोन महिने लागायचे. यांनी चप्पल घालता घालता तो सांगितला. ज्याला साधा प्रेक्षक म्हणतो, त्याच्यात हे सामर्थ्य आहे. पण ते जागं व्हायला कुणीतरी त्याच्याशी वाद घालावा लागतो.

एक काळजी सांगतो आणि थांबतो. हल्ली तरुण मुलांशी सिनेमावर बोललं की ती आकडे सांगतात. पहिल्या दिवसाची कमाई किती, शंभर कोटींच्या पुढं गेला का, कुणी किती तारे दिले. मी विचारतो, अरे, तुला कुठं आवडला? ते गोंधळतात. पूर्वी ‘पैसे वसूल’ म्हणजे माझ्या तिकिटाचे वसूल. आता प्रेक्षक निर्मात्याचे वसूल झाले का ते मोजतो! स्वतःचं मत देण्याऐवजी दुसऱ्याचा हिशेब वाचून दाखवतो. आणि आकड्यांचं कसं असतं? ‘शोले’ला सुरुवातीला परीक्षणं थंड मिळाली, धंद्यातले लोक साशंक होते. ‘तुंबाड’नं २०१८ साली जेवढे कमावले त्याहून जास्त २०२४ साली पुन्हा लागल्यावर कमावले. सिनेमा तोच होता. मधल्या काळात माणसं एकमेकांना सांगत राहिली, ‘अरे, तू बघ.’ ते सांगणं थांबलं आणि नुसते आकडे उरले, तर सगळ्यांत मोठं नुकसान साध्या प्रेक्षकाचंच आहे. त्याच्याकडं दुसरं काही नसतं, पण स्वतःचं मत असतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं, ‘मला नाही आवडला’, तर ‘आपापली आवड’ म्हणून उठू नका. ‘तुला काय कळतं’ तर मुळीच म्हणू नका, अकरा वर्षं जातात. विचारा, आवाज कुठनं येतो? चढाला का उताराला?

दाजींनी आत्ता घड्याळाकडं बघितलं. म्हणजे माझा सेकंड हाफ ओढत नाहीये. (हशा) ते १९७७ सालचं वाक्य मी सगळ्यांसमोर मागं घेतो, दाजी. नमस्कार.

(टाळ्या)